हे गाणं खरंच त्या दुर्घटनेमुळे झालंय का? शोधायचं कसं

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच, कुठलातरी व्हायोलिनचा नाहीतर पियानोचा व्हिडिओ आणि खाली लिहिलेलं की ही धून अमक्याने तमक्या युद्धात सगळं गमावल्यावर रचली, डोळे पाणावले तर पुढे पाठवा. डोळे पाणावतातही, त्यात काही गैर नाही, पण धून खरंच तिथून आलेली असते का? मोठ्या दुर्घटनांचा संगीतकारांवर परिणाम होतो का असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन होतो, नक्की होतो, फक्त आपण जिथे शोधतो तिथे तो बऱ्याचदा सापडत नाही. सगळे शीर्षकात शोधतात. आणि माझ्या मते शीर्षक हाच सगळ्यात कच्चा पुरावा. म्हणून हा शोध घरबसल्या कसा घ्यायचा ते लिहितोय, संगीत शिकलेलं असायची गरज नाही, कान आणि इंटरनेट असलं की झालं.

आधी तारीख काढा

गाणं बाजारात कधी आलं ते नाही हं, रेकॉर्ड कधी झालं ते, आणि मिळालं तर लिहिलं कधी ते. जुन्या रेकॉर्डिंगांच्या याद्या नेटवर मिळतात, त्यात स्टुडिओत कोणत्या दिवशी कोण बसलं होतं एवढं बारीक लिहिलेलं असतं.

उदाहरण घ्या. बेसी स्मिथ, अमेरिकेतली ब्लूज गायिका, तिचं 'बॅकवॉटर ब्लूज' नावाचं गाणं आहे, पुराच्या पाण्यामुळे घर सोडावं लागलेल्या बाईचं. १९२७ साली मिसिसिपी नदीला भयंकर पूर आला, २१ एप्रिलला माउंड्स लँडिंगला बांध फुटला, लाखो माणसं बेघर झाली, त्यातली कितीतरी काळी कुटुंबं बांधावरच तंबू ठोकून राहिली. हे गाणं त्याच पुराचं असं लोक वर्षानुवर्षं धरून चाललेले. आता रेकॉर्डिंगची तारीख बघा, १७ फेब्रुवारी १९२७. बांध फुटायच्या दोन महिने आधी! पुढे अभ्यासकांनी खणून काढलं तेव्हा धागा निघाला १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला आलेल्या पुराशी, कंबरलँड नदीच्या. म्हणजे पूर खरा, बाईचं दुःख खरं, नदी मात्र वेगळी.

तरी ऐकणाऱ्यांना वेड्यात काढू नका. मे महिन्यात ज्यांच्या घरात मिसिसिपीचा चिखल होता त्यांनी ही रेकॉर्ड लावली तेव्हा ती त्यांचीच झाली. फक्त हा परिणाम ऐकणाऱ्यांवरचा, बेसीवरचा नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या खात्यात लिहायच्या. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'माय सिटी ऑफ रुइन्स' तसंच, गाणं त्याच्या ओळखीच्या अॅस्बरी पार्क या उतरती कळा लागलेल्या गावावर होतं, २००० सालातलं, पण ११ सप्टेंबर २००१ नंतर दहा दिवसांनी त्याने ते टीव्हीवर गायलं आणि तेव्हापासून ते न्यूयॉर्कचं झालं.

उलटंही सांभाळा. तारीख दुर्घटनेनंतरची निघाली म्हणजे जिंकलो असं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल.

मग नाव झाकून ऐका

हा माझा सगळ्यात आवडता उद्योग. क्रिश्टॉफ पेंदेरेत्स्की हा पोलंडचा संगीतकार, त्याची हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना आहे, 'थ्रेनडी' म्हणून शोधलीत तर लगेच सापडेल. ५२ तंतुवाद्यं, २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो, ८ डबल बेस. सुरुवातीलाच सगळे आपापल्या वाद्यावर जमेल तेवढा वरचा सूर लावतात, अमुक सूर असा ठरलेलाच नाही, नुसता जमेल तेवढा वरचा, आणि एकदम किंकाळी फुटल्यासारखं होतं. पुढे वाद्याच्या लाकडावर ठोकणं, घोडीच्या पलीकडे गज फिरवणं, शेजारशेजारच्या पाव पाव सुरांचा एकत्र गोळा. तालाच्या मात्रा नाहीत, नोटेशनमध्ये सेकंद लिहिलेत. हिरोशिमा डोक्यात ठेवून ऐकलं की विमानं ऐकू येतात, सायरन ऐकू येतो, लोक पळताना ऐकू येतात, शेवटी तो भलामोठा आवाजाचा ढग म्हणजे काय ते सांगायलाच नको.

आणि या रचनेचं मूळ नाव काय होतं? '८ मिनिटं ३७ सेकंद'. बास. १९६० साली विशीतल्या पोराने लिहिलेला ध्वनींचा प्रयोग होता तो, तंतुवाद्यांतून आजवर कोणी न काढलेले आवाज काढायचे हा विषय. प्रत्यक्ष वाजताना ऐकल्यावर तोच हादरला, एवढी भावना भरलेली रचना, हिला काय नाव द्यावं म्हणून शोधायला लागला आणि मग हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली. सायरन आपण नाव वाचल्यावर बसवलाय.

म्हणून करायचं काय, घरातल्या कुणाला तरी नाव न सांगता ऐकवायचं आणि काय दिसतं विचारायचं. मांजरांचं भांडण असंही उत्तर येतं, वाईट वाटून घेऊ नका.

मग हे सगळं खोटं का? मला तसं वाटत नाही. पेंदेरेत्स्की १९३३ चा, देंबित्सा गावातला, नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये लहानाचा मोठा झालेला, आणि स्टालिन गेल्यावर १९५६ पासून पोलंडमध्ये जरा मोकळं वारं आलं, वॉर्सात नव्या संगीताचा महोत्सव सुरू झाला तेव्हाचा हा विद्यार्थी. असल्या माणसाला आवाजाचा प्रयोग करताना किंकाळीच का सुचते, हे विचारायला हरकत नाही. पण तो प्रश्न पोलंडचा आहे, हिरोशिमाचा नाही.

तिथे हाताशी काय होतं?

लोक विचारतात संगीतकाराच्या मनात काय चाललं होतं. मनातलं कळायला मार्ग नाही, त्यापेक्षा खोलीत कोणती वाद्यं होती ते विचारा, त्याचं उत्तर मिळतं आणि पुष्कळ काही सांगून जातं.

ऑलिव्हिए मेसियां हा फ्रेंच संगीतकार १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि गर्लिट्झच्या स्टालाग आठ-अ नावाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. तिथे १५ जानेवारी १९४१ ला, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर आणि पहारेकऱ्यांसमोर त्याचं 'काळाच्या अंतासाठी चौकडी' पहिल्यांदा वाजलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो. ही जोडणी सहसा कोणी हौसेने निवडत नाही, छावणीत वाजवणारे हेच होते म्हणून ही जोडणी. आठ भाग आहेत आणि त्यातल्या काहींत चौघं एकत्र वाजवतच नाहीत, एकात तर एकटं क्लॅरिनेट. एका पहारेकऱ्याने, कार्ल-आल्बर्ट ब्रूल त्याचं नाव, मेसियांला नोटेशनचे कागद आणि पेन्सिली पुरवल्या.

आता गंमत बघा. ते एकट्या क्लॅरिनेटचं प्रकरण छावणीच्या आधीच लिहिलेलं, पकडले गेल्यावर उघड्या माळावर कैद्यांना ठेवलं होतं तिथे आंरी आकोका या वादकाने ते पहिल्यांदा वाजवून बघितलं, समोर कागद धरायला चेलोवाला एत्येन पास्किए. पाचवा भाग १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेल्या रचनेतून उचललेला आणि शेवटचा १९३० च्या ऑर्गनच्या रचनेतून. आणि काळाचा अंत म्हणजे युद्ध, भूक, काटेरी तारा असं काही नाही, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला देवदूत आहे तो, मेसियां पक्का कॅथलिक होता. म्हणजे छावणीने सूर दिले असं म्हणता येत नाही, सूर बरेचसे आधीचे. छावणीने दिले चार माणसं, चार वाद्यं आणि ते सगळं एकत्र बांधायची निकड. मला विचाराल तर एवढा परिणाम भरपूर झाला.

याच गोष्टीवरून आणखी एक धडा, आठवणींवर डोळे झाकून जाऊ नका, खुद्द संगीतकाराच्याही. मेसियां आयुष्यभर सांगायचा की चेलोला तीनच तारा होत्या आणि ऐकायला पाच हजार कैदी होते. पास्किए म्हणायचा, अहो चारही तारा होत्या, मीच वाजवत होतो. आणि ज्या बराकीत कार्यक्रम झाला तिथे काहीशे माणसं मावली तरी खूप. अशा वेळी ज्याच्या हातात वाद्य होतं त्याचं धरायचं.

रशियन संगीतकार शोस्टाकोविचच्या सातव्या सिम्फनीचंही हाताशी काय होतं यावरूनच बघा. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मनांचा वेढा पडलेला, शेवटी तो ८७२ दिवस चालला. ही सिम्फनी शोस्टाकोविचने १९४१ च्या उन्हाळ्यात तिथेच सुरू केली, मग त्याला बाहेर हलवलं आणि डिसेंबरात कुइबिशेवला पुरी झाली. ९ ऑगस्ट १९४२ ला खुद्द लेनिनग्राडमध्ये वाजवायची ठरली तेव्हा रेडिओच्या ऑर्केस्ट्रात वाजवण्याच्या अवस्थेतले पंधराएक जणच उरले होते आणि रचनेला लागतात शंभरच्या आसपास. कार्ल एलियासबर्ग या कंडक्टरने सैन्यातून वादक मागवले, त्यांना जादा रेशन मिळालं, फुंकून वाजवणाऱ्यांना तर उपाशीपोटी दमच पुरत नव्हता. कार्यक्रम लाउडस्पीकरवरून शहरभर आणि पलीकडे जर्मन सैन्यालाही ऐकवला. यातली प्रसिद्ध 'आक्रमणाची' धून खरी कोणावर, हिटलरवर की स्टालिनवर, यावर अजून भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही.

तिथे नसलेल्या माणसालाही धक्का बसतो

हे विसरलात तर निम्मं संगीत हातचं जाईल. अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा माणूस, मुंबईत गिरणीत राबलेला, आणि त्याने पोवाडा रचला कशावर तर स्टालिनग्राडवर. लढाई संपली फेब्रुवारी १९४३ ला आणि पोवाडाही त्याच सालचा. रशिया अण्णा भाऊंनी डोळ्यांनी बघितला १९६१ मध्ये! बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी रचना केली, 'बंगालची हाक'. इथे तारीख जुळते, विषय जुळतो, परिणाम शंभर टक्के. पण रूप बघा, तोच डफ, तेच तुणतुणं, तेच झीलकरी, जे शिवाजीराजांच्या पोवाड्याला असतात. कामगारांना व्होल्गा नदी कुठे आहे हे सांगायला नवीन चाल लागली नाही. पेंदेरेत्स्कीच्या बरोबर उलटं झालं की नाही, तिकडे रूप नवं आणि विषय मागाहून, इकडे विषय ताजा आणि रूप जुनं. म्हणून तपासताना विषय आणि रूप दोन्हीकडे बघायचं, एकातच परिणाम असला तरी तो परिणामच.

रागसंगीतात काय करायचं हा प्रश्न येतो, तिथे बातमी जाणार कुठून. बहुतेक वेळा जात नाहीच. पण रविशंकरांचा मोहनकंस शोधून ऐका. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर लगेच रेडिओवर वाजवायचं होतं, तबल्याशिवाय, तेव्हा त्यांनी गांधी या नावातून ग, नि, ध हे सूर काढले आणि मालकंसाच्या अंगाने राग बांधला. इथे दुर्घटना थेट सुरांत आहे. बरं, सांगितल्याशिवाय हे कानाला कळेल का? मला नसतं कळलं.

१ ऑगस्ट १९७१ चा न्यूयॉर्कचा बांगलादेशसाठीचा कार्यक्रम मी वेगळ्या खात्यात टाकतो. चक्रीवादळ, मग युद्ध, निर्वासितांचे लोंढे, रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरलं. सतार-सरोद जुळवून झाल्याबरोबर लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यावर पंडितजींनी मारलेला टोमणा रेकॉर्डवर आहे, जरूर ऐका. 'बांगला धून' सुंदरच. पण अशा मदतीच्या कार्यक्रमांचा खरा परिणाम पैशांत आणि बातम्यांत मोजायचा, १९८४ नंतर इथिओपियाच्या दुष्काळासाठी निघालेली बरीचशी गाणी गाणी म्हणून मला तरी दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत.

घाई करू नका

दुर्घटना झाली की लगेच दोन-तीन महिन्यांत आलेलं तेवढंच तपासायचं असं करू नका. अमेरिकन संगीतकार जॉन अॅडम्सची ११ सप्टेंबरवरची रचना वर्षभराने आली, १९ सप्टेंबर २००२, बेपत्ता माणसांसाठी भिंतींवर लावलेल्या कागदांवरचा मजकूर, नावं, रस्त्यावरचे रेकॉर्ड केलेले आवाज, सगळं थेट. पण दुसरा अमेरिकन संगीतकार, स्टीव्ह राइश? लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आईवडील वेगळे राहायचे म्हणून हा पोरगा न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ट्रेनने ये-जा करायचा. मोठेपणी त्याच्या डोक्यात आलं की आपण ज्यू, त्याच वर्षांत युरोपात असतो तर वेगळ्याच ट्रेनमध्ये बसलो असतो. 'डिफरंट ट्रेन्स' आली १९८८ मध्ये. नाझींच्या छळातून वाचलेल्यांच्या बोलण्याच्या टेप्स घेतल्या आणि त्या बोलण्याचाच चढउतार चौघा तंतुवादकांना वाजवायला दिला, माणूस वाक्य बोलतो आणि चेलो तेच वाक्य सुरात म्हणतो. नाव झाकून ऐकवा, इथे मांजर कोणी म्हणणार नाही.

एका बैठकीत करून बघायचं असेल तर आधी बेसी स्मिथ, तीन मिनिटांचं आहे, मग राइश, मग मेसियांचा एकट्या क्लॅरिनेटचा भाग, आणि पेंदेरेत्स्की शेवटी, तोही दुपारी. रात्री अकराला मोठ्याने लावलात तर वरच्या मजल्यावरचे काका खाली येतील आणि त्यांना ५२ तंतुवाद्यांचा हिशोब समजावत बसावं लागेल.