माती आणि हवेच्या तापमानातल्या फरकातून वीज कशी मिळवावी

आधी हिशेब. दिवसाला एक युनिट हवे तर सरासरी ४२ वॅट सतत मिळायला हवेत. खालचा संच १० अंशांच्या फरकावर जेमतेम ३ मिलिवॅट देतो. म्हणजे असे सुमारे १४ हजार संच लागतील. एका संचावर पंखा फिरणार नाही. पण मातीतला ओलावा मोजणारा, दर पंधरा मिनिटांनी जागा होणारा सेन्सर सेल न बदलता चालतो, आणि तेवढ्यासाठी ही मेहनत करण्यासारखी आहे.

टीईसी१-१२७०६ हे ४० मिमी चौरस पेल्टियर मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की वीज देणारी चकती), २२ मिमी जाडीचा १.३ मीटर भरीव तांब्याचा रॉड, ६ मिमी जाड तांब्याची चौकोनी पट्टी, मोठा हीटसिंक (हवेशी उष्णतेची देवाणघेवाण करणारा धातूचा पंखेदार ठोकळा), मॉड्यूलचे कमी व्होल्टेज वाढवणारा एलटीसी३१०९ चिपचा बोर्ड आणि वीज साठवायला ५.५ व्होल्टचा १ फॅरड सुपरकपॅसिटर घ्या. दिवसा उष्णता हवेतून जमिनीत जाते, रात्री उलटी येते, त्यामुळे प्लस-मायनस अदलाबदल होतात. ही चिप दोन्ही दिशांनी, ३० मिलिव्होल्टपासून चालते. व्होल्टेज वाढवणारा साधा बूस्ट बोर्ड इतक्या कमी व्होल्टेजवर सुरूच होणार नाही.

पट्टी रॉडच्या वरच्या टोकाला ब्रेझिंगने (सांध्यात दुसरा धातू वितळवून) जोडा. रॉड १ मीटर जमिनीत जाऊ द्या. भोक रॉडपेक्षा थोडे मोठे पाडून त्यात चिकणमातीचा पातळ गारा ओता, मग रॉड दाबा. इथेच बहुतेकांचे बिघडते: रॉडभोवती हवेची पोकळी राहिली की उष्णता अडते. कोरडी वाळूही तशीच, म्हणून जागा ओलसर निवडा. जमिनीवरच्या ३० सेंमी भागाला फोमची नळी घाला.

पट्टी, मॉड्यूल, हीटसिंक असा थर लावा. थर्मल पेस्ट इतकी पातळ की खालचा पृष्ठभाग अंधुक दिसावा. बोल्ट स्टीलचे, वॉशर नायलॉनचे. नाहीतर बोल्टमधूनच उष्णता पळते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, एका बाजूने आवळले तर सिरॅमिक तडकते. कडांना सिलिकॉन भरा, कारण आत दव शिरले की सांधे गंजतात. हीटसिंकचे पंख उभे, काळे रंगवलेले आणि आभाळाखाली मोकळे हवेत.

आता मॉड्यूलच्या तारांना व्होल्टमीटर लावा. हवा-मातीत १० अंश फरक असला तरी मॉड्यूलच्या वाट्याला तीनच येतात, बाकीचे माती, रॉड आणि हीटसिंक खातात. त्यामुळे तारा मोकळ्या असताना ०.१५ व्होल्ट दिसले तर जुळणी चांगली. ०.०५ च्या आत असेल तर दोन्ही बाजूंचे तापमान मोजा. पट्टी हवेइतकीच गरम असली तर दोष मातीत, हीटसिंक पट्टीइतका थंड असला तर हीटसिंक लहान.

जुळणी ठीक असली की मॉड्यूलच्या तारा बोर्डाला आणि बोर्डाला सुपरकपॅसिटर जोडा. तो पहिल्यांदा भरायला काही तास लागतात. तोवर सेन्सर जोडू नका.