जलरंगाचा पहिला वॉश: कागदावरचे पाणी ओळखायला शिका

जलरंग शिकू पाहणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी देखावा रंगवायला घेतात आणि आकाशातच अडकतात. माझा आग्रह असा, की पहिले पंधरा दिवस देखावा बाजूला ठेवून केवळ वॉश, म्हणजे कागदावर पाणीदार रंगाचे पातळ, सलग थर, द्यावेत. कारण या माध्यमात रंगापेक्षा पाणी सांभाळणे अवघड असते आणि कागदावरची ओल ओळखता आली, की बाकीची तंत्रे त्यातूनच उलगडत जातात.

काटकसर करायचीच असेल, तर ती रंगांत करावी, कागदात करू नये. विद्यार्थी वापरतात त्या साध्या ट्यूबा पुरेशा आहेत. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक पिवळा आणि एक लाल एवढ्यांत भरपूर सराव होतो. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद मात्र पाणी पडताच फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो. दोष कागदाचा असतो, पण नवशिक्याला तो आपल्या हाताचा वाटतो आणि तो उगाच नाउमेद होतो. म्हणून ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो सुती, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत पृष्ठभागाचा कागद घ्यावा आणि एका तावाचे आठ तुकडे करून वापरावेत. १० किंवा १२ नंबरचा गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी आणि जुने सुती फडके एवढे सोबत असले, की झाले.

कागद मास्किंग टेपने फळीवर चिकटवून फळीच्या वरच्या कडेखाली दोन पुस्तके ठेवावीत. रंग लागेल त्याहून जास्त कालवावा, कारण तो मध्येच संपला, तर पुन्हा कालवेपर्यंत कड वाळते आणि तेथे रेघ उमटते. भरलेला ब्रश आडवा ओढला, की पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला जेमतेम स्पर्श करत ओढावा आणि ओढलेल्या जागी ब्रश पुन्हा फिरवू नये. तळाशी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा. हाच वॉश प्रत्येक पट्ट्याला थोडे पाणी वाढवत दिला, की वर गडद आणि क्षितिजाकडे फिकट होत जाणारे आकाश मिळते.

ओल्या कागदावर ओला रंग सोडताना कागद तिरका करून उजेडात पाहावा. पाण्याचे तळे दिसत असेल, तर रंग भरकटेल. एकसारखी चमक असेल, तर तो मऊ पसरेल. ढगांसाठी हीच वेळ. चमक गेली, पण कागद अजून दमट आहे, अशा वेळी पाणीदार ब्रश टेकवला, तर नवे पाणी आधीचा रंग ढकलत नेते आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. कागद पूर्ण वाळला का, हे बोटांची मागची बाजू टेकवून पाहावे. गार लागला, तर ओल शिल्लक आहे. ही वेळ घड्याळावर मोजता येत नाही, कारण कोकणातल्या पावसाळ्यात वॉश रेंगाळतो आणि विदर्भातल्या मे महिन्यात तोच पाहता पाहता सुकतो.

वाळल्यावर रंग फिकट दिसतो, म्हणून तो थोडा गडदच लावावा. फिकटाकडून गडदाकडे जावे आणि पांढऱ्यासाठी कागद कोराच सोडावा. चित्रकार सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा धरलेल्या त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरचा उजेड भोवतीच्या गडद छटांमुळे किती उजळतो, हे पाहण्यासारखे आहे, आणि ते चित्र जलरंगातले आहे.

चुकलेली जागा स्वच्छ ओल्या ब्रशने हलकेच भिजवून फडक्याने टिपली, तर रंग बराचसा निघतो. अल्ट्रामरीन सहज निघतो, प्रशियन ब्लू मात्र कागदात मुरतो. त्यामुळे पहिल्या आकाशांसाठी अल्ट्रामरीनच घ्यावा.