राजघराण्याच्या मिरवणुकीसाठी प्रेक्षकांची बैठक मांडताय? या चुका टाळा

22 जून 1897 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मिरवणूक लंडनमधून निघाली. बकिंगहॅम पॅलेस, स्ट्रँड, सेंट पॉल्स, मग लंडन ब्रिज ओलांडून थेम्सच्या दक्षिणेकडून परत, असा सुमारे सहा मैलांचा मार्ग. (आपल्याला ती तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच महोत्सवाच्या समारंभातून परतताना रँडवर पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली.) वाटेवर लाकडी स्टँड उभे राहिले, घरादुकानांच्या खिडक्या भाड्याने गेल्या. अशा बैठकींत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आयोजकाला वाटतं आपण बसायची जागा विकतोय. गिऱ्हाईक मात्र पैसे दिसण्याचे देतं.

सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या

तक्रार नेहमीची: मागचे लोक उभे राहतात, मग त्यांच्या मागचेही. दोष लोकांचा नाही, पायरीचा आहे. मागच्याची नजर समोरच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतराला स्टेडियमवाले सी-व्हॅल्यू म्हणतात. 90 मि.मी. मिळालं तर छान, 60 म्हणजे कसंबसं. डोक्यावर टोप्या-हॅट असतील तर 150 धरावं.

समजा, पहिल्या रांगेतला डोळा पाहायच्या बिंदूपासून 5 मीटर लांब आणि दीड मीटर उंच आहे, आणि रांगेची खोली 80 सें.मी. आहे. दुसऱ्या रांगेची पायरी 30 सें.मी. ठेवली तर जेमतेम 52 मि.मी. हाती लागतात, 35 केली तर 95. म्हणून सुतार सगळीकडे 35 ठेवतो आणि तिथेच फसतो. पायरी तीच ठेवली तर सहाव्या रांगेपर्यंत हे अंतर 61 मि.मी.वर येतं. वर जाल तशी पायरी उंच करत न्यायला हवी. लाकूड जास्त लागतं, त्याला इलाज नाही.

पाहायचा बिंदूही चुकीचा धरला जातो. रस्त्याचा मध्य धरू नका. स्टँडकडच्या कडेने चालणारा शिपाईसुद्धा दिसला पाहिजे. त्यातच फुटपाथवर गर्दी उभी असते आणि कडेने गार्ड्स उभे केले तर त्यांची अस्वलाच्या कातड्याची टोपी एकटीच 45 सें.मी. उंच. पहिली रांग जमिनीलगत मांडली तर सर्वांत महाग तिकीटवाल्याला टोप्याच दिसतील. 1897 मध्ये मिरवणुकीच्या अग्रभागी 6 फूट 8 इंच उंचीचे कॅप्टन एम्स होते, ते कुठूनही दिसले असतील. राणी मात्र 78 वर्षांची, ठेंगणी, खुल्या गाडीत बसलेली आणि वर छत्री धरलेली.

मिरवणूक कुठे थांबणार, हे न विचारणं

संधिवातामुळे राणीला सेंट पॉल्सच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून प्रार्थना बाहेरच झाली आणि ती गाडीतच बसून राहिली. थोडक्यात, मोक्याची जागा चर्चच्या आत नव्हतीच. आराखडा काढण्याआधी गाडी कुठे थांबेल, कुठे वळेल हे विचारून घ्या.

ऊन आणि वेळ

पॅल मॅल किंवा फ्लीट स्ट्रीटसारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर उत्तरेकडच्या स्टँडचं तोंड दक्षिणेला येतं, दुपारचं ऊन थेट डोळ्यांत. तिथे छप्पर पुढे काढा, पण त्याचे खांब नजरेत येऊ देऊ नका. रस्ते बंद होतात म्हणून लोक पहाटेच येऊन बसतात. पाणी आणि संडास नसले तर मिरवणूक यायच्या आधीच रांगा मोडतात. जिने दोन तरी हवेत, कारण येताना लोक एकेक करून येतात आणि जाताना सगळे एकदम.

रद्द झालं तर काय, हे तिकिटावर न लिहिणं

ही सर्वांत महागडी चूक. 24 जून 1902 ला, राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी, सातव्या एडवर्डच्या आजारपणामुळे मिरवणुका रद्द झाल्या. हेन्री नावाच्या गृहस्थाने पॅल मॅलमधल्या खोल्या दोन दिवसांसाठी 75 पौंडांना ठरवल्या होत्या, 25 दिले होते. करारात मिरवणुकीचा शब्दही नव्हता, तरी 1903 मध्ये कोर्टाने ठरवलं की व्यवहाराचा पायाच मिरवणूक दिसणं हा होता, उरलेले 50 द्यायला नकोत. आपल्याकडे करार कायद्याचं कलम 56 (करार पाळणं अशक्य झालं तर काय, याचं) शिकवताना क्रेल विरुद्ध हेन्री म्हणून हाच खटला येतो.

पण पॅल मॅलमधल्याच दुसऱ्या खोलीचं भाडं होतं 141 पौंड 15 शिलिंग. तिथे सगळी रक्कम मिरवणूक रद्द होण्याआधीच देय झाली होती. 1904 मध्ये कोर्टाने आधी दिलेले 100 पौंड परत मिळू दिले नाहीत, वर बाकीही भरायला लावली. इंग्लंडमध्ये हा अन्याय 1943 मध्ये दूर झाला.

2022 च्या प्लॅटिनम ज्युबिलीतही प्रकृतीमुळे एलिझाबेथ राणी सेंट पॉल्सच्या प्रार्थनेला येऊ शकली नव्हती. तेव्हा तिकिटावर ‘राणीचं दर्शन’ छापू नका, ‘मिरवणुकीचं’ छापा. मार्ग बदलला, दिवस पुढे गेला किंवा सगळंच रद्द झालं तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील हे त्याखालीच लिहा, वाचता येईल एवढ्या अक्षरात.