पडावली-बटेश्वरची शिल्पे आणि हिवाळ्यातला तंबूमुक्काम : या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर, मुरैना जिल्ह्यात, पडावली, बटेश्वर आणि मितावली ही तीन शिल्पस्थळे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातील मराठी कुटुंबे पाहुण्यांना किल्ला हमखास दाखवतात; या बाजूला मात्र सकाळी जाऊन दुपारी परत, एवढाच त्यांचा शिरस्ता असतो. परिसरातल्या एखाद्या ओळखीच्या शेतावर तंबू ठोकून एक रात्र काढली, तर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ही शिल्पे घाई न करता पाहता येतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेपाच-सहापर्यंत मावळतो आणि डिसेंबरअखेर ऐन मध्यान्हीही क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपासच चढतो. या सहलीत होणाऱ्या बहुतेक चुका ऊन केव्हा आणि कोठे असेल, याचा आधी विचार न केल्यामुळे होतात, कारण अंगाला ऊब देणारे आणि दगडावरील कोरीवकाम उजळणारे ऊन एकच असते.

सर्व काही एका दिवसात बसवणे

पहाटे पाचला निघून सूर्योदय बटेश्वरला पाहायचा, दुपारी मितावली करायची आणि संध्याकाळी परतताना किल्लाही उरकायचा, असा बेत पुष्कळांचा असतो. या दिवसांत पहाटेचे धुके इतके दाट असते की पुढच्या गाडीचे दिवे जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत, आणि ते नऊ-दहापर्यंत टिकू शकते. तेव्हा लहान मुलांना झोपेतून उठवून अशा रस्त्यावर गाडी काढण्याने काहीच साधत नाही. शनिवारी जेवण करून घरून निघावे, तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि अंधार पडण्यापूर्वी तंबू, अंथरुणे व चूल यांची व्यवस्था पूर्ण करावी. रविवारी उन्हात न्याहारी करून दहाच्या सुमारास शिल्पे पाहायला निघावे.

किल्ला स्वतंत्र दिवसासाठी राखून ठेवावा. तोमर राजांच्या काळात, १५व्या शतकात, कड्यात कोरलेल्या जैन मूर्तीच एका दिवसाला पुरून उरतात. किल्ल्याच्या आग्नेयेला असलेल्या गोपाचल समूहातील, ४० फुटांहून उंच असलेली पद्मासनस्थ पार्श्वनाथांची मूर्ती सकाळच्या उन्हात पाहावी. पश्चिमेकडील उरवाई घाटीत, जेथे सुमारे ५७ फूट उंचीची आदिनाथांची उभी मूर्ती आहे, तेथे मात्र कड्यांच्या सावलीमुळे ऊन उशिरा उतरते, म्हणून दुपारीच जावे.

तंबू चुकीच्या जागी ठोकणे

ही तिन्ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. संरक्षित आवारात मुक्काम करणे तर दूरच, स्वयंपाक करणे किंवा ठरवून दिलेल्या जागेबाहेर खाणेही नियमाला धरून नाही. मुक्काम खाजगी शेतावर, मालकाची परवानगी घेऊनच करावा आणि आपण येथे राहणार असल्याचे गावातील जाणत्या माणसाच्या कानावर घालावे. रात्री अनोळखी उजेड दिसला की गावकऱ्यांना चिंता वाटणे साहजिक आहे.

शेतातही कोणतीही जागा चालत नाही. थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून वाहत येऊन ओढ्याकाठी, खोलगट भागात साचते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंच असलेले ठिकाण पहाटे स्पष्टपणे उबदार असते. या दिवसांत गहू आणि मोहरीला पाणी देणे चालू असते, कित्येकदा रात्रीच. नुकत्याच भिजवलेल्या वाफ्याशेजारी तंबू ठोकला, तर मध्यरात्री बांध फुटून पाणी आत येण्याची शक्यता असते, आणि तसे झाले नाही तरी हवेतील ओल अंथरुणात उतरते. त्या रात्री पाण्याची पाळी कोणत्या शेताची आहे, हे मालकाला आधीच विचारावे. कडाक्याचे वारे येथे वायव्येकडून येतात, म्हणून तंबूचे दार आग्नेयेला ठेवावे. त्याने वारा अडतो आणि सकाळचे पहिले ऊनही दारातून आत येते. निरोगी कडुनिंबाच्या आसऱ्याला दव कमी पडते, मात्र डोक्यावर वाळलेली फांदी नाही, एवढे पाहून घ्यावे.

याहून गंभीर अशी एक चूक अजाणतेपणी घडते. चुलीसाठी किंवा तंबूची दोरी ताणण्यासाठी लोक आसपासचे दगड उचलतात. या भागात जमिनीवर पडलेला चौकोनी वाळूचा दगड हा एखाद्या मंदिराच्या शिखराचा किंवा द्वारशाखेचा, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीचा, तुकडा असू शकतो. बटेश्वर येथील सुमारे दोनशे लहान मंदिरांचा समूह कोसळून विखुरलेला होता, आणि २००५ पासून पुरातत्त्वज्ञ के. के. मुहम्मद यांच्या मार्गदर्शनाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाने असेच पडलेले दगड ओळखून, एकाशी एक जुळवून त्यांतील कित्येक मंदिरे पुन्हा उभी केली. जागेवरून हललेला दगड पुढे जुळवणाऱ्याच्या दृष्टीने हरवल्यासारखाच असतो. त्यामुळे चुलीसाठी विटा घरूनच न्याव्यात आणि तंबूसाठी लोखंडी खुंट्या वापराव्यात.

पांघरूण भरपूर, अंथरूण तोकडे

रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि थंडीच्या लाटेत त्याच्याही खाली उतरतो, हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण दोन-दोन रजया घेतो. पण अंगाखाली मात्र एखादी सतरंजी असते. शरीराची ऊब जमीन सतत ओढून घेते, आणि अंगाच्या भाराने दबलेल्या कापसात हवा उरत नसल्यामुळे खालची गादी वाटते तितकी उपयोगी पडत नाही. सर्वात खाली प्लास्टिकची ताडपत्री, त्यावर शेतमालक देईल तो कोरडा पेंढा हातभर जाड, त्यावर फोमची चटई आणि मग गादी, असा थर करावा. ताडपत्रीची कडा तंबूबाहेर राहू देऊ नये, नाहीतर तिच्यावर साचलेले दव आत झिरपते. गाद्या-रजया शहरातील टेंट हाउसमधून भाड्याने मिळतात. त्या आदल्या दिवशीच आणून गच्चीवर ऊन द्यावे, कारण गोदामातील ओल धरलेली रजई रात्रभर गरम होत नाही.

दिवसभर घातलेले कपडे घामाने दमट झालेले असतात. झोपण्यापूर्वी मुलांचे बनियन आणि मोजे बदलावेत, कानटोपी घालावी आणि रजईत गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली टॉवेलात गुंडाळून पायथ्याशी ठेवावी. रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, मटारची उसळ आणि शेवटी मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची मिठाई, असली, की पोटातून ऊब राहते. वयस्कर माणसे पाणी कमी पितात, ही आणखी एक नित्याची चूक आहे. रात्री उठावे लागू नये म्हणून ती तहान मारतात आणि सकाळी डोके धरून बसतात. त्यांच्या उशाशी टॉर्च ठेवावा आणि शौचाच्या जागेपर्यंतच्या वाटेवर कंदील टांगावा, म्हणजे ही भीती राहत नाही.

तंबूत सिगडी ठेवणे

या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. कोळशाची सिगडी, गोवऱ्यांचे निखारे किंवा गॅसचा हीटर बंद तंबूत ठेवला, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. झोपलेल्या माणसाला काही जाणवण्यापूर्वीच तो बेशुद्ध होऊ शकतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये, कारण लालभडक निखारा धूर न करताही हा वायू सोडत असतो. शेकोटी तंबूपासून आठ-दहा पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवावी. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा विचित्र गुंगी आली, तर कारण शोधत न बसता सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिल्पांपुढून नुसते चालत जाणे

आता मूळ हेतूकडे वळू. बटेश्वरची मंदिरे प्रतिहार राजांच्या काळातील, साधारण ८व्या ते १०व्या शतकांतील आहेत आणि त्यांतील बहुसंख्य माणसाच्या उंचीच्या जवळची आहेत. म्हणजे मुलांना मान वर न करता कोरीवकाम पाहता येते. तरीही कुटुंबे पहिल्या वीस मिनिटांत संपूर्ण आवार ओलांडतात आणि ‘सगळी सारखीच आहेत’ असे म्हणून थांबतात. वास्तविक सारखेपणामुळेच येथे पाहायला शिकता येते. एक मंदिर निवडून त्याचे दार नीट पाहावे. या काळातील द्वारशाखांच्या तळाशी गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी असते, वर नागांची वेटोळी किंवा वेलबुट्टी चढत जाते आणि ललाटावर, म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर, देवता असते. हा क्रम मुलांना एकदा दाखवला, की पुढच्या दारांवर कोणते वाहन झिजले आहे आणि कोणते शाबूत आहे, हे ती स्वतःच शोधू लागतात. माझ्या मते येथे मोठ्यांनी माहिती सांगण्यापेक्षा मुलांच्या मागे मागे चालावे.

प्रकाशाची चूक सर्वात जास्त होते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेकडील भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, पूर्वेकडील भिंती सकाळी आणि पश्चिमेकडील दुपारी उजळतात. उथळ कोरीवकामाला समोरून आलेला प्रकाश मारक ठरतो. ऊन भिंतीला घासून तिरपे येते, तेव्हाच वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्याची ठेवण उठून दिसते. म्हणून त्याच मंदिराकडे सकाळी दहाला आणि पुन्हा दुपारी तीनला जावे. मधल्या वेळेत शेतावर जेवण आणि उन्हात आडवे होणे, एवढेच ठेवावे.

पडावलीची गढी म्हणजे मंदिराचा मंडप आणि त्याभोवती नंतर, गोहदच्या जाट राणांच्या काळात, झालेली तटबंदी आहे. बाहेरून रुक्ष भिंत पाहून काही जण दारावरच्या सिंहांची छायाचित्रे काढून परत फिरतात आणि आतल्या मंडपातील ब्रह्मा, विष्णू, शिव, काली व पुराणकथांचे घनदाट पट्टे पाहायचे राहून जातात. आत अंधार असतो. मोबाइलचा फ्लॅश सर्व काही सपाट करतो, तर छोटा टॉर्च बाजूने तिरपा धरला की आकृती भिंतीतून पुढे येतात.

मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर सुमारे शंभर फूट उंच टेकडीवर आहे. वर्तुळाकार ओवऱ्यांत आज योगिनींच्या मूर्ती नसून शिवलिंगे आहेत, हे आधीच सांगितलेले बरे, अन्यथा चढून गेलेल्यांचा हिरमोड होतो. येथे पाहायचे ते वर्तुळाची बांधणी आणि खाली पसरलेली मोहरीची शेते. ज्यांना मूर्तीच पाहायच्या आहेत, त्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातील संग्रहालयात नरेसर या गावाहून आणलेल्या योगिनी पाहता येतील. ते सोमवारी बंद असते. गुडघेदुखी असलेल्यांनी मितावली सोडून बटेश्वरलाच अधिक वेळ द्यावा.

मुलांना मंदिरांवर किंवा रचून ठेवलेल्या दगडांवर चढू देऊ नये, कारण कित्येक दगड केवळ एकमेकांच्या भारावर टेकलेले असतात आणि त्यांत पायही अडकू शकतो.

आयत्या वेळच्या अडचणी

सकाळी तंबूच्या आतून पाणी गळत असेल, तर बहुधा तंबू फाटलेला नसतो. ते श्वासातील बाष्प थंड कापडावर जमलेले असते. रात्री दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्यात आणि ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत. छोट्या डब्याचा गॅस पहाटे मंद पेटत असेल, तर त्यातील ब्यूटेनची वाफ थंडीत कमी होते, हे कारण समजावे. डबा रात्री पायाशी अंथरुणात ठेवावा किंवा कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करावा. ज्वाळेजवळ कधीही नेऊ नये. मोबाइलची बॅटरी एकाएकी उतरली, तर तो खिशात गरम होऊ द्यावा, पुष्कळदा चार्ज परत दिसू लागतो. धुके दहानंतरही हटले नाही, तर परतीची घाई न करता पडावलीचा मंडप आधी पाहावा, कारण टॉर्चच्या प्रकाशाला धुक्याची अडचण नसते.

घरी पोहोचल्यावर तंबू तसाच पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नये. ओल्या कापडावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि शिवणीवरचा पाणी अडवणारा लेप सुटू लागतो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर तो उलटा पसरावा, खुंट्यांची माती पुसावी आणि टेंट हाउसच्या रजया परत करण्यापूर्वी त्यांनाही एक ऊन दाखवावे.