स्लो नेटवर पान पांढरंच राहतं, नोंद दोनदा पडते: माझा अनुभव

लक्षण असं: कांदा नोंदणीचं पान नाशिक शहरात झटकन उघडायचं, पण चांदवड-सुरगाण्याकडे रेंज कमी असली की बराच वेळ पांढरं. शेतकरी बटण पुन्हा पुन्हा दाबायचे, नोंद दोनदा पडायची. फोटो लहान केले, होस्टिंग बदललं, फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

कारण निघालं मराठी फॉन्ट. तो बाहेरच्या सर्व्हरवरून येत होता आणि त्याची सीएसएस फाइल (पान कसं दिसावं हे सांगणारी) येईपर्यंत ब्राउझर पान दाखवतच नाही. ती आली तरी फॉन्टची वाट पाहत अक्षरं साधारण ३ सेकंद लपवतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जडही असतो.

आधी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये, नेटवर्क टॅबवर ‘डिसेबल कॅश’ (आधी साठवलेल्या फाइल वापरू नका) टिक करून वेग थ्रीजीवर ठेवा. नाहीतर दोष दिसणारच नाही. मग पानाच्या कोडमधल्या हेड या सुरुवातीच्या भागातली फॉन्टची लिंक काढा, सीएसएसमध्ये फॉन्ट-फॅमिली ‘सॅन्स-सेरिफ’ करा, म्हणजे फोनमधलाच फॉन्ट वापरला जाईल. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी असतेच. स्क्रिप्टना ‘डिफर’ लावा, म्हणजे त्या पान वाचून झाल्यावर चालतील.

दुहेरी नोंदीसाठी बटण क्लिकवर नव्हे, फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर (फॉर्म पाठवला जातो त्या क्षणी) बंद करा. क्लिकवर बंद केलं तर काही ब्राउझर फॉर्म पाठवतच नाहीत. बटणावर ‘पाठवतोय, थांबा’ असं लिहा. पण एवढ्यावर विसंबू नका, रेंज गेली की लोक पान रीलोड करतात. प्रत्येक फॉर्मसोबत एक वेगळा लपवलेला क्रमांक पाठवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने एरर न देता आधीचीच पोच दाखवावी. एरर दिसली की माणूस घाबरतो आणि फॉर्म नव्याने भरतो.