हो-नाहीच्या डेटावर रिग्रेशन लावता? मग या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरात उन्हासोबत थिसिसचाही ताप चढते, अन् कोणी ना कोणी लॅपटॉप घेऊन येतेच की भाऊ, बघ ना, संभाव्यता १.१४ येऊन राहिली.

येणारच ना. तुझा प्रश्न आहे की शेतकऱ्यानं संत्र्याच्या बागेत ड्रिप लावलं का नाही, उत्तर हो किंवा नाही, अन् तू रिग्रेशननं, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढायच्या पद्धतीनं, सरळ रेषा ओढली, रेषेला काय माहीत १ च्या वर जायचं नाही म्हणून. तसं लिनियर, म्हणजे सरळ रेषेचंच रिग्रेशन, लावणं पाप नाही, अर्थशास्त्रवाले लावतात, पण मग रोबस्ट स्टँडर्ड एरर घ्या, म्हणजे डेटाचा विखुरलेपणा सगळीकडे सारखा नसला तरी चालणारं अंदाजातल्या चुकीचं माप.

आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची वेगळीच गंमत. जीएलएम ही कमांड टाइप केली म्हणजे लॉजिस्टिक (हो-नाहीसाठीचं, ० ते १ मध्येच राहणारं रिग्रेशन) झालं असं वाटते, पण त्यात फॅमिली बायनॉमियल, म्हणजे उत्तरं दोनच आहेत, हे सांगितलं नाही तर ते गुपचूप साधं लिनियरच चालवते. अन् हो ला १, नाही ला २ देऊन फॅक्टर (गटांचा व्हेरिएबल) केलं असेल तर आर पहिल्या लेव्हलला, म्हणजे पहिल्या गटाला, 'नाही घडलं' समजते, म्हणजे सगळी चिन्हं उलटी! ड्रिपवर सबसिडी मिळाली तर ड्रिप कमी लागते असं काही दिसलं की आधी कोडिंग बघा, मग सरकारला शिव्या द्या.

सगळ्यात जास्त घोळ लॉजिस्टिकमधून निघणाऱ्या ऑड्स रेशोचा. ऑड्स म्हणजे हो भागिले नाही. समजा ट्रेनिंग घेतलेल्या १०० पैकी ८० जणांनी ड्रिप लावलं, न घेतलेल्या १०० पैकी ६० जणांनी. ऑड्स ८०/२० म्हणजे ४ आणि ६०/४० म्हणजे १.५, त्यांचा रेशो २.६७. आता पोरं बिनधास्त लिहितात 'शक्यता २.६७ पट', अन् गाईडही सही करून मोकळे. अरे ८० भागिले ६० कर ना, १.३३ पटच आहे! 'हो' क्वचितच येत असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण इथं निम्म्याहून जास्त लोक हो म्हणून राहिले. पटच सांगायची असेल तर रोबस्ट एररवालं पॉयसन रिग्रेशन लावा, ते थेट पट देते.

लॉजिट (म्हणजे लॉजिस्टिकच) का प्रोबिट (हो-नाहीसाठीचीच दुसरी पद्धत) यावर भांडू नका, अंदाज जवळपास तेच येतात.

अन् एखाद्या व्हेरिएबलचा कोइफिशियंट (परिणामाचा आकडा) २०, स्टँडर्ड एरर हजारांत दिसली तर सॉफ्टवेअर बिघडलं नाही. एखाद्या गटात सगळेच हो आहेत. तो व्हेरिएबल फेकू नका, बहुतेक तोच कामाचा आहे. आधी क्रॉसटॅब (गट अन् हो-नाहीचा तक्ता) काढून रिकामा खाना शोधा, मग फर्थवालं लॉजिस्टिक (रिकाम्या खान्यातही जमणारी सुधारित पद्धत) चालवा.