पाच किलोचं ब्लँकेट घेऊनही थंडी वाजते? या चुका टाळा

निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि इकडे नाशिकच्या बाजारात ब्लँकेटं किलोवर बोलली जातात. "साडेचारचं दाखवू का पाचचं?" दुकानदार विचारतो. आपणही भाजी घेतल्यासारखं ते हातात तोलून बघतो.

मीही दोन हिवाळ्यांपूर्वी पाच किलोचं डबल प्लाय मिंक, म्हणजे दोन थरांचं मऊ केसाळ ब्लँकेट, घरी आणलं. पहिल्याच रात्री तीनला जाग आली. छाती-पोट गरम, पण पाठ आणि कंबर गारठलेली. हात गादीखाली घातला तर लोखंडी पलंगाची पट्टी नुसती बर्फ. वर बोट बोट जाडीचं ब्लँकेट, आणि खाली नऊ वर्षं जुनी गादी, मधोमध अगदी पापडासारखी झालेली.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण म्हणतो 'अंथरूण-पांघरूण', पण पैसे सगळे पांघरुणावर घालतो. ऊब कापडात नसते, कापडात अडकून राहिलेल्या हवेत असते. अंगाखाली आलेला कापूस आपल्याच वजनानं दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि मग पाठीतली उष्णता सरळ पलंगात किंवा फरशीत उतरते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर झोपणाऱ्या आजीला एक गोधडी पुरायची आणि आपल्याला टाइल्सवर तीन पुरत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत मुक्कामाला जाणारी पोरं महागडी स्लीपिंग बॅग नेतात, मॅट घरी विसरतात आणि रात्रभर दगडावर कूस बदलत बसतात. तोच प्रकार.

म्हणून आधी खालचं बघा. कापसाची गादी असेल तर ती उसवून पिंजून घ्या. कापूस तोच राहतो, पण गादी पुन्हा फुगते. ते होईपर्यंत गादीवर जुनी गोधडी दुहेरी घडी करून टाका, किंवा घोंगडी अंथरा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी राठ असते, वजनानं कापसासारखी चपटी होत नाही. ती अंगाला टोचते अशी तक्रार असते, पण तिच्यावर एक सुती चादर टाकली की तक्रार संपते. नवी घोंगडी जास्तच कडक लागते, कारण तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते; वापरून ती नरमते. खाली घोंगडी घातली त्या रात्री मी मिंक पायाशी सरकवलं होतं. खोटं वाटेल, पण खरं आहे.

दुसरी चूक, जड तेच गरम असं धरून चालणं. मऊ फुगीर रजईवर कुणी पाच किलोचं ब्लँकेट टाकलं तर रजई दबते आणि तिच्यातली हवा, म्हणजे तिची ऊबच, निघून जाते. जड पांघरूण आत, हलकं फुगीर वर. जयपुरी रजई वजनाला काहीच लागत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण चादरीवर ती पांघरून बघा. रजई घेताना ती खिडकीच्या उजेडासमोर धरा. कुठे ढेकळं आणि कुठे नुसतं कापड दिसत असेल तर आतला कापूस सरकलेला आहे, आणि थंडी नेमकी त्याच जागेतून शिरणार. टाके फार लांब लांब असले तरी पुढे हेच होतं.

मिंक सरळ अंगावर घेऊ नका. ते बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओल सहज धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मध्यरात्री घाम येतो, तो मुरायला जागा नसते आणि पहाटे अंग चिकट-गार होतं. आत सोलापुरी चादर किंवा आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी घ्या.

मापाचंही बघाच. आठ इंची गादीवर बेताचं डबल ब्लँकेट टाकलं की दोन्ही कडांना ते तोकडं पडतं. मग रात्रभर ओढाताण, आणि सकाळी भांडण.

धुण्याच्या बाबतीत एकच सांगतो: कापसाची रजई मशीनमध्ये टाकू नका, गोळे होतात आणि कापूस आतून लवकर वाळत नाही. तिला खोळ घाला, खोळ धुवा, आणि रजईला दुपारचं कडक ऊन दाखवा. ट्रंकेत डांबरगोळ्या घातल्या असतील तर बाहेर काढलेलं पांघरूण एक-दोन दिवस उन्हा-वाऱ्यात राहू द्या. घरात तान्हं बाळ असेल तर गोळ्या वापरूच नका. काही बाळांमध्ये त्या वासानं रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळावर जड रजई किंवा सैल ब्लँकेट अजिबात नको, ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. त्याला कपडेच एकावर एक घाला.

एवढं करूनही थंडी वाजली तर गरम पाण्याची पिशवी झोपण्याआधी दहा मिनिटं पायथ्याशी ठेवा आणि झोपताना काढून घ्या. पण दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवायची नाही, कितीही गारठा असो. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

गादी पिंजायला टाकायची असेल तर दिवाळीच्या आधी टाका. डिसेंबरात पिंजाऱ्याकडे गेलो तेव्हा त्यानं आठ दिवसांनी यायला सांगितलं, आणि ते आठ दिवस आम्ही सतरंजीवर काढले.